कान टोचलेल्यांचा राजा

गेल्या महिन्यात नातवाचे कान टोचायला आम्ही लातूरच्या गंजगोलाईत सोनाराकडे गेलो. सोन्याची तार कानातून गेली, पोरानं दुकान डोक्यावर घेतलं, सूनबाईनं गूळ भरवला. मला मात्र साडेअकराशे वर्षांपूर्वीचा एक अरबी मजकूर आठवत होता. चौतीस वर्षं इतिहास शिकवला, पण हा मजकूर पुस्तकात नव्हता म्हणून वर्गात सांगायचा राहून गेला. त्याची रुखरुख आहे.

सुलेमान या व्यापाऱ्याच्या नावावर इ.स. 851चा एक प्रवासवृत्तांत आहे. इराणच्या आखातातून निघून हिंदुस्थानावरून चीनपर्यंत जाणाऱ्या खलाशांची ती माहिती. त्यात जगातले चार थोर राजे सांगितलेत. बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा बादशहा आणि चौथा ‘बल्हारा’, कान टोचलेल्यांचा राजा! हिंदुस्थानातले इतर राजे त्याचं थोरपण मानतात, अरबांशी तो जिव्हाळ्यानं वागतो, असंही लिहिलंय.

बल्हारा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूटांची पदवी. वेरूळचं कैलास लेणं याच घराण्याचं. 851 साली गादीवर अमोघवर्ष होता. राजधानी मान्यखेट, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. पण शिलालेखात तो स्वतःला म्हणवतो ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’, लत्तलूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी. हे लत्तलूर म्हणजे आपलं लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मला यात नवल वाटत नाही. औसा सोडून तीन पिढ्या झालेलं घरसुद्धा औसेकरच राहतं. राजानंही मूळ गाव बिरुदात जपलं.

लातुरात त्या काळचं फारसं काही दिसत नाही. त्यासाठी नांदेड जिल्ह्यात कंधारला जावं. तिथल्या तलावाचं नाव आजही जगत्तुंग सागर आहे, आणि जगत्तुंग ही राष्ट्रकूट राजांचीच पदवी. क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे तुकडे तिथे सापडलेत. त्यातलं दगडी पाऊल पाहिलं, की आख्खी मूर्ती केवढी असेल याचा अंदाज करताना छाती दडपते.

लातूरला शिकवणीसाठी हजारो मुलं येतात. पालकांनो, एखाद्या रविवारी त्यांना कंधारला न्या. आणि जगत्तुंग सागराच्या काठावर बसून त्यांना बल्हाराची ही गोष्ट सांगा.