जुन्या व्हिडिओ गेमचे स्वामित्व आणि जतन

ग्रंथ विकत घेणाऱ्यास त्या प्रतीचे स्वामित्व मिळते. ती त्याने स्वतः वाचावी, दुसऱ्यास द्यावी किंवा ग्रंथालयास अर्पण करावी. जुन्या व्हिडिओ गेमची कार्ट्रिज हीही अशीच वस्तू होती. आज इंटरनेटवरून ‘विकत’ घेतलेल्या गेमचा मात्र केवळ वापर-परवाना मिळतो. किंबहुना तबकडी हाती असूनही भागत नाही. यूबीसॉफ्टच्या ‘द क्रू’ या २०१४ सालच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले, तेव्हा तबकडी बाळगणाऱ्यांनाही तो खेळता येईना.

अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी सुमारे ८७ टक्के गेम बाजारात उपलब्ध नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत दिसून आले. तेव्हा अभ्यासकास आधार उरतो तो ग्रंथालयांचा. परंतु डिजिटल कुलूप उघडण्यास तेथील १९९८ च्या कायद्याने मनाई केली असून, जतनार्थ ग्रंथालयांना दिलेली सवलत गेमपुरती त्यांच्या वास्तूतच लागू पडते. इतर संगणक-प्रणाली दुरून वापरू देण्याची मुभा २०२१ मध्ये मिळाली. गेमसाठी केलेली तीच मागणी ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळण्यात आली. मनोरंजनासाठी उपयोग होऊन बाजारपेठेस बाध येईल, ही त्यामागील भीती. कादंबरीही बहुधा मनोरंजनासाठीच वाचली जाते, याचा येथे विसर पडलेला दिसतो. परिणामी, परगावच्या संशोधकास एखादा गेम अभ्यासण्यासाठी तो ज्या ग्रंथालयात असेल तेथवर प्रवास करणे भाग पडते.