पंख्याचा कपॅसिटर आणि बाबांची बीपीची गोळी

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हे लेखी.

गेल्या महिन्यात घरचा पंखा मंदावला. रेग्युलेटर पाचवर, हवा एकची. बाबा म्हणाले, "वाइंडिंग गेलं, नवीन घेऊ." मी मेन स्विच बंद केला, वरची वाटी सरकवून कपॅसिटर बघितला. त्यावर छापलेलं: 2.5 मायक्रोफॅरड, 440 व्होल्ट. हा आकडा घेऊन कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात जा, कंपनी कुठलीही चालते. (जुन्यात चार्ज शिल्लक असू शकतो, उघड्या टोकांना हात लावू नका. भीती वाटली तर इलेक्ट्रिशियन बोलवा, पण आकडा स्वतः वाचा.)

त्याच संध्याकाळी बाबांची गोळी आणायला मेडिकलमध्ये गेलो. टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम. काउंटरवर दोन कंपन्यांच्या स्ट्रिप होत्या. औषध तेच, मिलिग्रॅम तेवढेच, किमतीत दुपटीहून जास्त फरक. बाबा कित्येक वर्षं महागडी घेत होते. कपॅसिटरवर वीस रुपये वाचवून मी खूश, आणि इकडे हे!

मग प्रश्न पडला: एवढ्या कंपन्या एकच औषध बनवतात, तर स्पर्धेने भाव पडायला हवेत ना?

कंपन्या भरपूर आहेत हे खरं, आणि त्यामागे 1970 चा पेटंट कायदा आहे. त्यात औषधावर नाही, फक्त ते बनवायच्या पद्धतीवर पेटंट मिळायचं. म्हणजे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवायला आपल्या कंपन्या मोकळ्या. औषधावरचं पेटंट 2005 ला परत आलं, पण तोवर आपला जेनेरिक उद्योग उभा राहिला होता.

घोळ पुढे आहे. कपॅसिटर मी निवडतो आणि पैसेही मीच देतो. गोळी निवडतात डॉक्टर, पैसे देतात बाबा. मग कंपनीने स्वस्त होऊन कोणाला पटवायचं? ती एमआर पाठवते डॉक्टरांकडे. स्पर्धा आहे, फक्त ती प्रिस्क्रिप्शनसाठी आहे, आपल्या खिशासाठी नाही. शिवाय डॉक्टरांनी ब्रँड लिहिला असेल तर केमिस्टने स्वतःहून दुसरा द्यायचा नाही, असा नियम.

सरकारचा लगाम आहे. आवश्यक औषधांच्या यादीतल्या गोळ्यांना कमाल किंमत असते. बाजारात किमान 1 टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढायची आणि त्यावर दुकानदाराचे 16 टक्के. पण सरासरीच ती! महागडे ब्रँड तिला वर ओढतात. म्हणून कमाल किंमत म्हणजे स्वस्त किंमत नव्हे.

मी काय केलं? स्ट्रिपवरचं मूळ नाव आणि मिलिग्रॅमचा फोटो काढला, डॉक्टरांना विचारलं, "जनऔषधीतली चालेल का?" ते म्हणाले, चालेल, दोन आठवडे बीपी मोजत राहा. हे विचारणं टाळू नका. फिट्सच्या, थायरॉइडच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा ब्रँड तर स्वतःच्या मनाने अजिबात बदलायचा नाही. आणि नावापुढे एसआर किंवा एक्सआर असेल, तर औषध हळूहळू सुटणारी ती वेगळी गोळी आहे. तिथे नुसते मिलिग्रॅम जुळून चालत नाही.

बाबांचं बीपी व्यवस्थित आहे. पंखा मात्र पहिल्यांदा उलटा फिरला, मी वायरी चुकीच्या जोडल्या होत्या.