जड झालेलं शटर

दोन वर्षं मी आमचं दुकान एकटीनं उघडलं नव्हतं. किल्ली माझ्याकडे, हिशेब माझ्याकडे, जूनच्या आधी वह्यांची ऑर्डरही मीच द्यायची. पण सकाळी शटर वर करायला अण्णा लागायचे, ते नसले की शेजारच्या मेडिकलमधला मुलगा. मी वाकून कुलूप काढायचे आणि बाजूला उभी राहायचे. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की काही बिघडलंय असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. आमचं शटर जड आहे, एवढंच.

शटर जड असतंच. आमचं १० फूट रुंद आणि ८ फूट उंच. १८ गेजचा पत्रा, म्हणजे जाडी साधारण सव्वा मिलिमीटर. शिवाय प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा शेजारच्या पट्टीत अडकवायला वळवलेल्या, त्यामुळे सपाट पत्र्यापेक्षा लोखंड जास्तच जातं. सगळं मिळून वजन नव्वद ते शंभर किलो. सिमेंटच्या दोन गोणी. पण हे वजन हाताला लागता कामा नये, आणि ज्या दिवशी लागायला लागतं त्याच दिवशी मिस्त्रीला बोलवायचं असतं, हे मला मे महिन्यातल्या एका सुट्टीच्या दुपारी शिडीखाली उभं राहून कळलं.

मिस्त्री आले ते थेट शिडीवर चढले नाहीत. अण्णांना म्हणाले, "तुम्ही रोज करता तसं वर करा बघू." अण्णांनी पाय फाकवले, गुडघे वाकवले, उजवा खांदा पुढे घेतला आणि हुंकार देऊन शटर उचललं. कमरेपर्यंत आल्यावर मिस्त्रींनी त्यांना थांबवलं. स्वतः तळपट्टीखाली दोन्ही तळवे धरले आणि हळूहळू जोर काढून घेतला. शटर खाली बसायला लागलं. त्यांनी लगेच पेललं आणि जमिनीला टेकवलं. "चार स्प्रिंगांतली एक तुटलेली आहे. दुसरीत जीव नाही." वरची पेटी अजून उघडलीसुद्धा नव्हती.

ही परीक्षा कुणालाही करता येते, फक्त तळवे पूर्ण काढायचे नाहीत आणि पाय खाली ठेवायचा नाही. चांगलं शटर कमरेच्या उंचीवर सोडलं की तिथेच थांबतं, फार तर वीतभर हलतं. खाली यायला लागलं तर स्प्रिंगा थकल्या. आपणहून वर पळायला लागलं तर कुणीतरी पीळ जास्त दिलाय, आणि असं शटर बंद करताना कुलूप लावेपर्यंत पायानं दाबून धरावं लागतं.

वरच्या पत्र्याच्या पेटीत काय असतं ते मी तोवर पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, एक पाइप असेल आणि त्यावर शटर गुंडाळलं जात असेल. पण पाइप फिरतच नाही. तो दोन्ही टोकांना भिंतीतल्या ब्रॅकेटांवर आवळून बसवलेला असतो. फिरतात ते त्यावरचे गोल डबे. प्रत्येक डब्यात पोलादाच्या चपट्या पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग, जुन्या चावीच्या घड्याळात असते तशीच, पण ताटाएवढी. तिचं आतलं टोक पाइपात अडकवलेलं, बाहेरचं डब्यात. शटर डब्यांना जोडलेलं. आपण शटर खाली ओढतो तेव्हा डबे फिरतात आणि स्प्रिंगा पिळत जातात. म्हणजे रात्री दुकान बंद करताना आपण सकाळची ताकद वर साठवून ठेवत असतो. शटर पूर्ण खाली असतं तेव्हा लोंबतं वजन सगळ्यात जास्त आणि पीळही सगळ्यात जास्त. वर जाताना वजन कमी होत जातं तसा पीळही सुटत जातो. दोघांचा मेळ बसला की हाताला फक्त सुरुवातीचा झटका द्यायचा उरतो.

आमच्या शटरला अशा चार स्प्रिंगा. प्रत्येकीच्या वाट्याला पंचवीस किलो. एक तुटली की तेवढं वजन उघडणाऱ्याच्या हातावर येतं. ती तुटली त्या रात्रीचा आवाज अण्णांना आठवला. वरून धाडकन काहीतरी झालं होतं, त्यांना वाटलं माळ्यावर उंदरानं डबा पाडला. दुसऱ्या दिवशी शटर जड लागलं, त्यांनी दोन्ही हात लावले आणि ते वर गेलं. मग दुसरी स्प्रिंग हळूहळू ढिली पडत गेली, दर महिन्याला थोडी थोडी, आणि त्या मापानं अण्णा आपलं अंग वाकवत गेले. आधी दोन हात, मग गुडघा, मग खांदा. त्या खांद्याला वर्षभर तेल चोळत होतो आम्ही, वय झालं म्हणून. याचं मला अजून वाईट वाटतं. बाजारपेठेत फिरून बघा, निम्मी शटरं अशीच माणसांच्या कमरेवर चालली आहेत.

पेटी उघडायला तासभर गेला, स्क्रू गंजून एकजीव झाले होते. मग शटर वर गुंडाळून दोराच्या दोन फासांनी घट्ट बांधलं. सगळं वर गेलं तरी स्प्रिंगांत थोडा पीळ उरतोच, बसवताना मुद्दाम भरलेला. पाइप उतरवायच्या आधी तो सोडवावा लागतो, आणि या कामात माणूस जायबंदी होतो तो याच टप्प्यावर. मिस्त्रींनी पाइपाला दीड हात लांबीचा पाना लावला, तो मदतनिसाकडे दिला आणि मला म्हणाले, "ताई, पान्याच्या रेषेत उभ्या राहू नका. या बाजूला या." मग ब्रॅकेटचे नट सैल केले. पाइप जिवंत झाल्यासारखा पान्याला ओढायला लागला. दुसरा पाना लागला, पहिला निघाला. अर्धा फेरा. पुन्हा पहिला लागला, दुसरा निघाला. एकही क्षण असा नाही की दोन्ही पाने सुटलेले आहेत. "एक", मिस्त्री म्हणाले. थोड्या वेळानं "दीड". मग पाना हलका पडला आणि दोघांचेही खांदे खाली आले. यूट्यूबवर बघून हे घरी करू नये, एवढंच मी सांगेन. ग्रीस आपण लावावं, पट्ट्या आपण पुसाव्यात. पिळलेल्या स्प्रिंगेला हात लावू नये.

दोर सैल करत शटर खाली घेतलं, डब्यांपासून सोडवलं, आणि पाइप रस्त्यावर आणून दोन लाकडांवर आडवा ठेवला. पहिला डबा उघडला तेव्हा आतून चिखल पडला.

चिखल म्हणजे वाळून दगड झालेली, तांबूस, वासही न उरलेली माती. हातात घेतली तर बोटांना पीठ लागावं तशी लागली. २२ जुलै २०२१. त्या दिवशी वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं ते आमच्या दुकानात शटरच्या पेटीच्याही वर चढलं होतं. अण्णांनी २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेला, त्यामुळे माल वरच्या फळ्यांवर ठेवला होता, पण या वेळी वरच्या फळ्यासुद्धा गेल्या. पाणी उतरल्यावर आठवडाभर आम्ही लगदा झालेल्या वह्या फावड्यानं बाहेर ओढत होतो. शटर पाइपनं धुतलं, शटर ज्या खाचांतून सरकतं त्या चॅनेलमधला गाळ खराट्याच्या काडीनं काढला, दिवाळीला रंगही दिला. वरची पेटी कुणी उघडली नाही. कुणाच्या लक्षात येणार होतं, आणि आलं असतं तरी त्या दिवसांत तिथवर हात पोचला नसता. गाळ डब्यांत बसला, दर पावसाळ्यात ओल धरत राहिला आणि पोलादाला कडेनं खात राहिला. पुराच्या पाण्यानं आमच्याकडून शेवटचं जे घेतलं ते इतक्या वर्षांनी, या डब्यांतून.

स्प्रिंग तुटली होती ती पाइपात अडकणाऱ्या टोकाशी, जिथे पट्टी काटकोनात वळते. मिस्त्री म्हणाले, बहुतेक इथेच तुटते. अण्णांनी विचारलं, "वेल्डिंग नाही का मारता येणार?" प्रश्न साधा होता, कारण आपल्याकडे लोखंडाचं काहीही तुटलं की वेल्डिंग हेच पहिलं औषध. पण स्प्रिंगेची ताकद तिच्या पोलादाला दिलेल्या पाण्यात असते, आणि वेल्डिंगच्या आचेनं ते पाणी उतरतं. जोड शाबूत राहील, शेजारचा भाग मेलेला असेल, आणि महिनाभरात तिथेच तुटेल.

पुढचा प्रश्न एक बदलायची की चारही. अण्णांचं म्हणणं, दोन चांगल्या आहेत ना, मग दोनच घ्या. मिस्त्रींनी चांगल्या म्हटलेल्यांपैकी एक हातात दिली. कडेला नखानं खरवडलं तर खपली निघाली. "अण्णा, या आज चालतील. पण तुटली की मी पुन्हा पेटी उघडणार, पुन्हा पाइप उतरवणार. मजुरी तुम्हीच देणार." स्प्रिंगेच्या किमतीपेक्षा तिच्यापर्यंत पोचायचा खर्च मोठा असतो, म्हणून एकाच वयाच्या स्प्रिंगा एकदमच बदलाव्यात. चार घेतल्या.

पट्ट्यांचा निर्णय मात्र उलटा झाला. मी मनानं सगळं शटरच बदलायच्या तयारीत होते, कारण खालच्या तीन पट्ट्या जाळी झाल्या होत्या आणि तळपट्टी एका टोकाला हातानं तुटत होती. मिस्त्रींनी खालून वर एकेक पट्टी पेचकसाच्या मुठीनं ठोकत नेली. खाली आवाज बद्द, चौथ्यापासून वर खणखणीत. "गंज चढत असता तर मधे मधे बद्द वाजलं असतं. हा खालचाच आहे, फरशीच्या ओलीचा." तीन पट्ट्या बाजूला सरकवून काढल्या, तीन जीआयच्या, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, घातल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला अडकण ठोकली. ही अडकण निघाली की पट्टी हळूहळू एका बाजूला सरकते, चॅनेलला घासते आणि शटर दर वेळी एकाच ठिकाणी खडखडतं. मधल्या पट्ट्यांना भोकं पडली असतील, चॅनेल भिंतीतून हलत असेल किंवा टेम्पो लागून मुळापासून वाकला असेल, तेव्हाच नवीन शटराचा विचार करावा. आमच्या बाबतीत तो खर्च वाचला.

चॅनेल आणि ग्रीस हे मी स्वतः केलं. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं काठीला गुंडाळून खाचेतून वर-खाली फिरवलं तर काळं मलम निघालं, त्यात रेती. आम्ही वर्षानुवर्षं स्कूटरचं काढलेलं जुनं ऑइल त्यात ओतत आलो होतो. ते धूळ धरतं आणि तीच धूळ पत्र्याला कानशीसारखी घासते. आधी साफ करायचं, मग ग्रीसचा पातळ हात; पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमाराला एकदा, कोकणात एवढं पुरतं.

काम बघायला शेजारच्या मेडिकलचे काका आले. त्यांचं शटर मोटरचं, रिमोटवर चालणारं, आणि गेला महिनाभर ते जमिनीपासून चार बोटं वरच थांबत होतं. मिस्त्रींनी जाता जाता पाहिलं. मोटरला कुठे थांबायचं ते सांगणारा लिमिट स्विच सरकला होता. दहा मिनिटांचं काम. रिमोट चालेनासा झाला तर आधी त्यातला सेल बदलावा, मग भिंतीवरचं बटण दाबून बघावं. बटणानं चालत असेल तर मोटरला दोष नाही. पण त्यांनी काकांना एक गोष्ट बजावून सांगितली. पाइपाच्या मधोमध बसवलेल्या मोटरच्या शटरलाही दोन्ही बाजूंना स्प्रिंगा असतात. हाताच्या शटरात स्प्रिंग तुटली तर माणसाचा खांदा दुखतो, मोटर मात्र बोलत नाही. ती ओढत राहते, गरम होते आणि एक दिवस जळते. म्हणून महिन्यातून एकदा वीज बंद करून, मोटरचा ब्रेक सोडून शटर हातानं चालवून बघायचं. वीज गेल्यावर ते हातानं उघडतं की नाही हेही त्यातच कळतं. ज्या दुकानात रात्री माणसं झोपतात तिथे तर ही गोष्ट टाळूच नये. आत माणूस आणि न उघडणारं शटर, याच्याइतकं भयंकर काही नाही.

संध्याकाळी पाइप पुन्हा वर चढला, शटर जोडलं, चौघांनी मिळून गुंडाळलं आणि दोर बांधला. मग पीळ भरायचा. पुन्हा दोन पाने, आळीपाळीनं, आता उलट्या दिशेनं आणि जोर लावून. दीड फेऱ्यावर नट आवळले, दोर सोडला, शटर खाली घेऊन कमरेवर थांबवलं. हळूच खाली आलं. पुन्हा वर, पुन्हा बांधलं, आणखी अर्धा फेरा. या वेळी कमरेवर सोडलं तर थोडं वर सरकलं. परत थोडा पीळ उतरवला. असं तीनदा झालं. कुठे थांबायचं याचं कोष्टक त्यांच्याकडे नव्हतं. शटर सोडायचे आणि बघत राहायचे. शेवटी ते कमरेवर सोडलं तसं तिथेच राहिलं. त्यांनी तर्जनीनं वर ढकललं, गेलं. खाली ओढलं, आलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा सवयीनं माझ्यासोबत निघाले. मी कुलूप काढलं. बाजूला व्हायच्या आधीच त्यांनी पाय फाकवले, गुडघे वाकवले आणि रोजच्या जोरानं हिसका दिला. शटर सुसाटत वर गेलं आणि पेटीशी इतक्या जोरात आदळलं की समोरचा चहावाला बाहेर येऊन बघायला लागला. अण्णा रिकाम्या हातांनी तसेच उभे. मग त्यांनी हात वर केला, तळपट्टीचा दांडा धरला आणि शटर हळू, अगदी जमिनीपर्यंत खाली घेतलं.

"तू उघड," म्हणाले.

मी एका हातानं उघडलं. दुसऱ्या हातात किल्ल्या होत्या.