डोंगरी गावांतील ब्रॉडबँड आणि तंत्रज्ञाची निवड

चिखलदरा तालुक्यातील पुष्कळ वस्त्यांत 'रेंज' ही जागेवरून ओळखली जाते. अमक्या टेकडीवर मिळते, तमक्या वळणावर मिळते, नाल्यात उतरले की जाते. शहरातील मनुष्याला ही गंमत वाटेल. परंतु स्वस्त धान्य दुकानातील यंत्र अंगठ्याचा ठसा घेऊन दूरच्या संगणकाकडे विचारणा करते आणि उत्तर आल्यावाचून माप पडत नाही, तेव्हा ती गंमत राहत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या सोयाबीनची, तुरीची वा ज्वारीची नोंद आपल्या मोबाइलवरून सात-बाऱ्यावर करावयाची, असा हा उपक्रम आहे. ती नोंद मुदतीत पोहोचली नाही, तर सरकारी खरेदीच्या वेळी व नुकसानीच्या पंचनाम्याच्या वेळी शेतकऱ्याला खेटे घालावे लागतात. तेव्हा जलद व अखंड संदेशवहन, म्हणजेच ब्रॉडबँड, ही रस्ता व पाणी यांच्याच पंक्तीतील गरज झाली आहे.

ही सोय गावापर्यंत नेण्याची योजना नवी नाही. प्रकाशतंतूची, म्हणजे ऑप्टिकल फायबरची केबल प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत नेण्यास केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. २०१५ साली तिला 'भारतनेट' हे नाव मिळाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. ह्या सुधारित कार्यक्रमातील दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, पूर्वी केबल एका सरळ ओळीत गावामागून गाव अशी जात असे, ती आता वळसा घालून परत येणारी, कड्यासारखी करावयाची आहे. सरळ ओळीतील केबल कालव्यासारखी असते. वरच्या अंगाला फुटला की शेपटाकडील सर्व शेते कोरडी. कडे असले म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने काम चालते. दुसरी गोष्ट म्हणजे दहा वर्षांची देखभाल कामातच धरलेली आहे. केबल टाकणे हे निम्मे काम असून ती चालू ठेवणे हे उरलेले निम्मे काम होय, हे ह्या तरतुदीने मान्य केले.

चिखलदऱ्याच्या शेजारी, धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव २०१६ साली देशातील पहिले डिजिटल गाव म्हणून पुढे आले. राज्य शासन व मायक्रोसॉफ्ट कंपनी यांनी मिळून तेथे इंटरनेट, दूरवैद्यक सेवा व शाळेतील डिजिटल शिक्षण यांची योजना केली. पुढे २०१९ च्या निवडणुकीत, त्या गावातील सोयी चालू आहेत की बंद पडल्या, यावर जाहीर सभांतून मोठा वाद झाला. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. परंतु डोंगरी गावाकरिता 'सोय आली काय?' ह्या प्रश्नापेक्षा 'ती बिघडली तर उद्या कोण दुरुस्त करील?' हा प्रश्न मोठा आहे, एवढे त्यावरून सर्वांच्या ध्यानी आले. तंत्रज्ञाच्या निवडीचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

आपल्याकडे यंत्रे विकणाऱ्यालाच तज्ज्ञ समजण्याची चूक वारंवार होते. पंप विकणारा दुकानदार विहिरीचे पाणी किती टिकेल हे सांगू शकत नाही, हे शेतकरी जाणतो. मात्र अँटेना विकणारा मनुष्य आला की तोच शेतकरी मान डोलावतो. म्हणून तंत्रज्ञाचे काम नेमके कोणते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

त्याचे पहिले काम पाहणी. मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. येथे दोन गावांमधील सरळ अंतर थोडे आणि वाट लांब असते. केबल वाटेने जाते, तर बिनतारी लहरी सरळ रेषेत जातात. त्यामुळे काही वस्त्यांकरिता टेकडीवरून टेकडीवर अँटेना लावून सेवा नेणे स्वस्त पडते. ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे काही पट्टे २०१८ पासून घातलेल्या मर्यादांत परवान्याशिवाय वापरता येतात. परंतु समोरची टेकडी डोळ्यांना दिसली म्हणजे लहरींना वाट मोकळी झाली, असे नव्हे. लहरी दोरीसारख्या बारीक रेषेत जात नाहीत, तर मधल्या भागात फुगलेल्या वांग्यासारखी जागा व्यापतात. १० किलोमीटर अंतर व ५.८ गिगाहर्ट्झ लहरी असतील, तर मध्यावर ह्या फुगवट्याची त्रिज्या सुमारे ११ मीटर भरते व तीपैकी निदान ७ मीटर तरी अडथळ्यावाचून असावी लागते.

आता मेळघाटातील जंगल सागाचे व पानगळीचे आहे. फाल्गुन-चैत्रात झाडे उघडी पडतात, समोरचे सर्व दिसते, यंत्रावर उत्तम आकडे येतात आणि पाहणी करणारा समाधानाने परततो. आषाढात त्याच सागाला सुपाएवढी ओली पाने येतात आणि जोडणी मंदावते किंवा बंद पडते. पाणी धरलेले पान ह्या लहरी शोषून घेते. उन्हाळ्यात उभारलेली व पावसाळ्यात निकामी झालेली अँटेना पाहून गावकरी 'यंत्रच वाईट' म्हणतात. वस्तुतः पाहणीचा महिना वाईट होता. ज्या तंत्रज्ञाला हे विचारताच कळते, तो डोंगरात काम केलेला समजावा.

दुसरे काम केबलचे. प्रकाशतंतूतील ज्या गाभ्यातून प्रकाश जातो, तो सुमारे ९ मायक्रोमीटर जाडीचा, मनुष्याच्या केसाहून कितीतरी बारीक असतो. जोडाच्या टोकावर धुळीचा कण बसला तरी प्रकाश अडतो. प्रकाशाची घट डेसिबेल ह्या मापाने मोजतात. तीन डेसिबेल घट म्हणजे प्रकाश निम्मा झाला. चांगल्या केबलमध्ये नेहमीच्या एका प्रकारच्या प्रकाशाला दर किलोमीटरला ०.३५ डेसिबेलच्या आसपास घट होते. म्हणजे १२ किलोमीटरला ४.२ डेसिबेल. नीट सांधलेला जोड ०.१ डेसिबेलहून अधिक खात नाही. निष्काळजीपणे केलेले चार जोड मात्र संपूर्ण वाटेइतकी घट करू शकतात. म्हणून काम ताब्यात घेताना प्रत्येक जोडाचे माप लिहून मागावे. 'चालू झाले, पाहा' एवढ्यावर सही करू नये.

केबल तुटल्यास ती कोठे तुटली, हे शोधण्याचे यंत्र आहे. ते तंतूत प्रकाशाचा ठोका सोडते व परत येणारा प्रकाश किती वेळाने आला, हे मोजते. काचेतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन एक मायक्रोसेकंद लागला, तर बिघाड १०० मीटरवर आहे, असा हिशेब. परंतु यंत्र तंतूची लांबी सांगते, रस्त्याची नव्हे. मध्ये ठिकठिकाणी केबलची वेटोळी राखून ठेवलेली असतात. त्यांची नोंद नसेल, तर यंत्र ७,३४० मीटर सांगत असताना माणसे भलत्याच ठिकाणी खणत बसतात. केबल कोठून गेली, किती खोल आहे, वेटोळे कोठे व किती मीटरचे आहे, कोणत्या मोरीजवळून वळली, ही वाटेची नोंदवही ग्रामपंचायतीच्या कपाटात असली पाहिजे. रस्ता रुंद करताना किंवा नळाची चारी खणताना जेसीबीने केबल तुटणे हा नित्याचा प्रकार आहे, आणि तो पुष्कळदा ह्या एका वहीने टळतो.

तिसरे काम विजेचे; आणि अनुभव असा की, बिघाडाचे मूळ बहुधा येथेच सापडते. तामिळनाडूतील थेनी येथे अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यांतील नेत्रतपासणी केंद्रे लांब पल्ल्याच्या वाय-फायने जोडली. बर्कले येथील विद्यापीठाचे संशोधक त्या कामात होते. विजेच्या दाबातील चढउतारांनी यंत्रे बिघडतात आणि स्थानिक माणसाला प्राथमिक तपासणी येत नसेल तर लहानसा बिघाडही दिवसेंदिवस पडून राहतो, असे त्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात नमूद केले. मेळघाटातील पावसाळ्यात तर वीज जाणे व ढगांनी सूर्य झाकणे ही दोन्ही एकाच वेळी होतात.

हिशेब सोपा आहे. समजा, टेकडीवरील यंत्रसंच ३० वॉट वीज घेतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १,२०० वॉट-तास साठतात. साधी बॅटरी टिकावी म्हणून निम्मीच वापरावी, म्हणजे ६०० वॉट-तास. त्यात यंत्र २० तास चालेल. तीन दिवस ऊन नाही असे धरले, तर २,१६० वॉट-तास लागतील, म्हणजे अशा चार बॅटऱ्या. एक बॅटरी लावून 'सौर योजना पूर्ण' म्हणणारा तंत्रज्ञ श्रावणात आपल्याला अंधारात ठेवील. अर्थिंगकडेही लक्ष द्यावे. खालच्या वऱ्हाडातील काळ्या जमिनीत ओल टिकते. वरच्या कातळात व मुरमात ती टिकत नाही, म्हणून अर्थिंगचा खड्डा खोल घेऊन कोळसा व मीठ भरणे आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालणे अवश्य आहे. नाही तर पहिल्याच वळवाच्या विजेत संच जळतो. वानरे अँटेनावर बसतात व तारा ओढतात, ह्याचाही विचार बांधणीत असावा. हिमाचलातील धरमशाला येथे असे जाळे उभारणाऱ्यांना हाच त्रास झाला होता.

आता निवड कशी करावी? चिखलदरा व धारणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा कायदा १९९६ चा, राज्याचे नियम २०१४ चे. म्हणून हा विषय प्रथम ग्रामसभेत मांडावा व गरज कोणती, हे तेथे ठरवून घ्यावे. शाळा, आरोग्य उपकेंद्र, धान्य दुकान, आपले सरकार सेवा केंद्र यांपैकी कोणाला आधी? तंत्रज्ञाला हे ठरवू देऊ नये. एका लहान ग्रामपंचायतीला पूर्णवेळ तज्ज्ञ परवडणार नाही. शेजारच्या चार-पाच पंचायतींनी मिळून एक ठेवावा हेच श्रेयस्कर. पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आय. आय. टी.ने 'ग्राममार्ग' प्रकल्पात शासन व खाजगी क्षेत्र यांच्या जोडीस पंचायतीलाही भागीदार धरले होते. तो विचार आपल्याकडे लागू पडण्यासारखा आहे.

उमेदवाराची प्रमाणपत्रे पाहावीत, परंतु तेवढ्यावर थांबू नये. त्याला एका वस्तीवर न्यावे आणि दिवसभर त्याच्याबरोबर हिंडावे. तो प्रथम कशाकडे पाहतो, हे पाहावे. झाडांची उंची, विजेची लाइन व नाल्याचा पूर यांची चौकशी करतो, की लगेच किमतीचा तक्ता काढतो? मुदतीत काय होणार नाही, हे तो स्पष्ट सांगतो काय? केबलकरिता खणणे वन्यजीव क्षेत्रातून असेल तर वनविभागाच्या परवानगीवाचून चालत नाही. हा मुलूख १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्पाचा आहे. जो 'परवानगीचे मी बघून घेतो' म्हणेल, त्याच्यापासून सावध राहावे. त्याने पूर्वी केलेले एखादे काम दोन वर्षांनंतर कसे चालले आहे, हे फोनवर न विचारता तेथे जाऊन पाहावे. उद्घाटनाच्या छायाचित्रावरून काही समजत नाही.

करारात संपूर्ण मोबदला उभारणीच्या दिवशी देऊ नये. काही हिस्सा पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावा व हे आधीच सांगावे, म्हणजे वितुष्ट येत नाही. दुरुस्ती किती दिवसांत, सुटे भाग कोठे ठेवणार, यंत्रांचे पासवर्ड कोणाकडे, हे सर्व लेखी असावे. तंत्रज्ञ निघून गेला व पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, तर यंत्र गावाचे असूनही गावाचे राहत नाही.

सर्वांत महत्त्वाची अट शिकवण्याची. बाहेरचा तज्ज्ञ परतवाड्याहून वा अमरावतीहून येणार. दरड कोसळून घाट बंद झाला की तो येत नाही. म्हणून कराराच्या पहिल्याच दिवसापासून प्रत्येक पंचायतीतील दोन तरुण, त्यांत निदान एक मुलगी, त्याच्या हाताखाली द्यावेत आणि ते कोरकू जाणणारे असावेत. वस्तीतील आजीबाईला बिघाड सांगता आला पाहिजे, तो तिच्या भाषेत. नेपाळमधील महाबीर पुन ह्या शिक्षकाने २००२ पासून नांगी ह्या आपल्या डोंगरी गावाला बिनतारी इंटरनेट आणले. आरंभीच्या काही अँटेना त्यांनी झाडांवर बांधल्या होत्या. बाहेरच्या स्वयंसेवकांची मदत त्यांनी घेतली, पण जाळे सांभाळण्याकरिता गावातील माणसे तयार केली. २००७ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ह्या तरुणांना सर्व विद्या शिकवण्याची गरज नाही. दिव्यांचा अर्थ ओळखणे, बॅटरीचा दाब मोजणे, जोडाचे टोक पुसणे, अँटेना हलली असल्यास ती पूर्ववत करणे आणि वहीत वेळ लिहून ठेवणे, एवढे आले तरी किरकोळ बिघाडाकरिता घाट चढून कोणाला यावे लागणार नाही. त्यांना मानधन मात्र नियमित द्यावे. फुकटची सेवा एका हंगामापुरतीच टिकते.

पंचायतींना विचार करावयाचा असल्यास कालमान पुढीलप्रमाणे ठेवावे. झाडे पूर्ण पानावर असताना, श्रावण-भाद्रपदात पाहणी. त्याच वेळी वनविभागाकडे अर्ज. दिवाळीनंतर जमीन वाळताच खणणे व अँटेनाचे खांब. होळीपर्यंत जोडांची मापे लिहून घेऊन चाचणी. बॅटऱ्या व अर्थिंग यांची तपासणी मृगापूर्वी एकदा, आणि ती तंत्रज्ञाने नव्हे, तर गावातील त्या दोन तरुणांनी, तंत्रज्ञ शेजारी उभा असताना.