व्हॅन 'पास' झाली म्हणजे काय झाले?

मुलांची ने-आण करण्यासाठी किंवा सहलीसाठी व्हॅन ठरवताना आपण तिचे कागद पाहतो. विमा आहे, योग्यता प्रमाणपत्र आहे, पीयूसी आहे, एवढे दिसले की आपले समाधान होते. व्हॅन डिझेलची आणि बारा-पंधरा वर्षांची असली तरी कागद चालू तारखेचे आहेत ना, मग झाले! पण या कागदावरच्या 'पास' शब्दावर विश्वास तरी किती ठेवायचा?

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे अशीच एक जुनी डिझेल व्हॅन होती. डिसेंबरातल्या एका थंड सकाळी चालकाने ती धुराच्या तपासणीसाठी नेली. आकडा आला २.७. मर्यादा २.४५, म्हणजे व्हॅन नापास. चालक अनुभवी होता. त्याने व्हॅन महामार्गावर वीस-पंचवीस किलोमीटर पळवली आणि दुसऱ्या केंद्रावर नेली. तिथे आकडा आला २.१. व्हॅन पास! मधल्या दोन तासांत कोणी तिच्या एका स्क्रूलाही हात लावला नव्हता. चालक खूश झाला, आम्ही मात्र विचारात पडलो. या दोनपैकी खरा आकडा कोणता?

आधी हा आकडा म्हणजे काय ते पाहू. धूरमापकात एक नळी असते. तिच्या एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा संवेदक असतो. एक्झॉस्टमधला धूर नळीतून जाऊ लागला की काजळीचे कण काही प्रकाश शोषतात, काही इकडेतिकडे विखुरतात आणि संवेदकापर्यंत कमी प्रकाश पोचतो. प्रकाश किती कमी होईल याचा नियम बूगेर (१७२९) आणि लँबर्ट (१७६०) यांच्या काळापासून माहीत आहे. धुराच्या प्रत्येक समान जाडीच्या थरात प्रकाशाचा समान अंश नाहीसा होतो. म्हणून पोचणारा प्रकाश घातांकी नियमाने घटतो. त्या घातांकातला गुणांक, म्हणजेच प्रकाश-शोषण गुणांक, हाच आपला २.४५ प्रतिमीटर.

तपासणीच्या पावतीवर कधीकधी '६५ हार्ट्रिज' असेही लिहिलेले असते. ती मर्यादा वेगळी नाही. हार्ट्रिज धूरमापकाची नळी ४३ सेंटिमीटर लांब धरतात. २.४५ ला ०.४३ ने गुणले की १.०५ येतात. कॅल्क्युलेटरवर ई चा उणे १.०५ वा घात काढा, उत्तर ०.३५ येईल. म्हणजे ३५ टक्के प्रकाश पोचला आणि ६५ टक्के अडला. भारत स्टेज चार वाहनांची मर्यादा १.६२ आहे. तिचे असेच गणित केले तर ५० येतात. अकरावी-बारावीच्या वर्गात हे उदाहरण जरूर द्यावे. त्याआधी ट्रेसिंग पेपरचे एक, दोन, तीन, चार कागद टॉर्चसमोर धरून मोबाइलच्या प्रकाश-संवेदकावर आकडे घेतले, तर घातांकी घट मुलांना डोळ्यांनी दिसते.

आता चाचणीची पद्धत पाहू. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबतात आणि त्या क्षणी सुटणाऱ्या धुराचा सर्वोच्च आकडा घेतात. असे काही वेळा करून सरासरी काढतात. इथे घोटाळ्याला पुष्कळ वाव आहे. इंजिन थंड असेल तर इंधन नीट जळत नाही. शहरात हळूहळू चालणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी साचते आणि पहिल्या दोन-तीन दाबांत ती भसकन बाहेर पडते. म्हणून मोजण्याआधी इंजिन गरम करायचे आणि काही दाब नुसते नळी साफ करायला द्यायचे, असा नियम आहे. पेडल सावकाश दाबले तर धूर कमी निघतो. धूरमापकाच्या काचेवर काजळी बसली असेल तर शून्यच सरकतो. आमच्या व्हॅनच्या बाबतीत पहिल्या केंद्राने इंजिन गरम होण्याची वाट पाहिली नाही, हे उघड होते. दुसऱ्याने पेडल कसे दाबले, ते आम्ही पाहिले नाही. तेव्हा २.१ हा आकडाही आम्ही पूर्ण खरा मानला नाही.

प्रत्येक मोजमापात असा विखुरलेपणा असतोच. समजा, एका व्हॅनचा खरा गुणांक २.७ आहे, म्हणजे ती नापासच व्हायला हवी, आणि आकड्यांचे प्रमाण विचलन ०.२५ आहे. मग एका चाचणीत ती चुकून पास होण्याची शक्यता सुमारे १६ टक्के. हे फार नाही. पण मालकाने पास होईपर्यंत फेऱ्या मारायच्या ठरवल्या तर? तीन प्रयत्नांत एकदा तरी पास होण्याची शक्यता ४१ टक्क्यांवर जाते! नापास झालेले कागद कोणी दाखवत नाही. आपल्यासमोर येतो तो फक्त शेवटचा.

शिवाय ही चाचणी इंजिनावर भार न घालता होते. इंजिन तेवढ्या वेळात फक्त स्वतःची चाके आणि दांडे फिरवते. मुले भरलेली व्हॅन चढ चढताना काय ओकते, ते यात दिसत नाही. काही गॅरेजांत चाचणीपुरता 'पंप कमी करून' देतात, म्हणजे इंधनपंपाचा स्क्रू फिरवून इंधन आखडतात. गाडीची ओढ जाते, धूरही जातो. चाचणी झाली की स्क्रू पूर्वपदावर! २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आलेल्या फोक्सवॅगन प्रकरणात हेच काम संगणकाच्या आज्ञावलीने केले होते. रस्त्यावर चालत्या गाडीतला धूर मोजला, तेव्हा संशय आला.

डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये मानवात निश्चित कर्करोगकारक ठरवले आहे. त्यात एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. धावत्या व्हॅनच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि तिचाच धूर मागच्या दरवाज्याकडे ओढला जातो. दरवाज्याचे रबर झिजलेले असेल तर तो आत, मागच्या बाकावरच्या मुलांपर्यंत पोचतो. हे रबर धूरमापक पाहत नाही.

ब्रेकचे थोडक्यात सांगतो. तपासणीत ब्रेक थंड असतात. दोन टनांची भरलेली व्हॅन ३०० मीटर उंचीचा घाट उतरते, तेव्हा सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. इंजिनाची मदत न घेता सगळी ऊर्जा ४० किलो लोखंडी ड्रमांत गेली आणि उष्णता बाहेर पडलीच नाही असे धरले, तर तापमान ३०० अंशांहून अधिक वाढेल. प्रत्यक्षात एवढे होत नाही, कारण वारा उष्णता नेतो. पण ब्रेकमधले द्रव वर्षानुवर्षे हवेतील बाष्प शोषत असते. डॉट-३ प्रकारच्या कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश असावा लागतो, बाष्प शोषलेल्या द्रवासाठी ती अट १४० अंशांवर येते. द्रव उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जाते आणि चाक मात्र थांबत नाही.

आठ वर्षांवरील व्यावसायिक वाहनाची योग्यता तपासणी वर्षातून एकदा होते. भारत स्टेज चारपूर्वीच्या वाहनांची पीयूसी सहा महिन्यांची असते. एवढ्या काळात नोझल गळू लागते, एअर फिल्टर तुंबतो. म्हणून आम्ही आमच्या व्हॅनसाठी एक साधी वही केली. दर पीयूसीला 'पास' न लिहिता आकडा लिहायचा. सोबत तारीख, इंजिन गरम होते की थंड, एअर फिल्टर व ब्रेकचे द्रव शेवटचे कधी बदलले, हेही. त्या वहीत १.४, १.७ आणि २.१ असे तीन आकडे एकाखाली एक आले. तिन्ही वेळा व्हॅन पास होती. तिसऱ्या नोंदीनंतर आम्ही तिची नोझल तपासायला दिली. चारपैकी दोन गळत होती.