कुळ आधी, हिशेब मग

जून २०१० मध्ये नेब्रास्का विद्यापीठाला बिग टेन या अमेरिकी विद्यापीठांच्या खेळसंघटनेचं बोलावणं आलं, ते उघडच फुटबॉलसाठी (अमेरिकी फुटबॉल, हातात धरून पळायचा). पण कागदावर आणखी एक जमेची बाजू होती. असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज, म्हणजे एएयू, या संशोधन विद्यापीठांच्या निवडक मंडळात नेब्रास्का १९०९ पासून होतं आणि बिग टेनमधली तेव्हाची सगळी अकरा विद्यापीठं त्याच मंडळातली होती.

एप्रिल २०११ मध्ये, बिग टेनमधल्या पहिल्या मोसमाला काही महिने उरले असताना, एएयूने मतदान घेऊन नेब्रास्काला बाहेर काढलं. ओमाहातलं नेब्रास्काचं वैद्यकीय केंद्र वेगळ्या प्रशासनाखाली, म्हणून तिथलं संशोधन लिंकनमधल्या मुख्य विद्यापीठाच्या खात्यावर धरायचं नाही. शेती संशोधनाला मिळणारा बराच सरकारी पैसा स्पर्धेतून येत नाही, म्हणून त्याला वजन कमी. मका पिकवणाऱ्या राज्याच्या विद्यापीठाला हे माप लावणं मला आजही अन्यायाचं वाटतं. एएयूचं सभासदत्व नसतं तर बिग टेनने आपल्याला घेतलं असतं का, याची शंका नेब्रास्काचे तेव्हाचे चान्सेलर हार्वी पर्लमन यांनी स्वतःच बोलून दाखवली. बिग टेनने मात्र दार लावलं नाही. लग्न ठरल्यावर मुलाची नोकरी गेली म्हणून कोणी मांडव उतरवत नाही, तसंच झालं.

बिग टेनला विद्येचा सोस जन्मापासूनचा. १८९५ मध्ये शिकागोत सात विद्यापीठांचे अध्यक्ष खेळाला शिस्त लावायला बसले, तिथून तिची सुरुवात. शिकागो विद्यापीठही त्यात होतं. अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या कारकिर्दीत त्याने १९३९ चा मोसम संपताच फुटबॉल बंद केला आणि १९४६ मध्ये संघटनाही सोडली. तरी १९५८ मध्ये बिग टेनच्या विद्यापीठांनी अभ्यासाच्या सहकार्यासाठी समिती काढली, तेव्हा शिकागो तिच्यात हजर होतं. मैदान सुटलं, ग्रंथालयांचा शेजार राहिला. आपल्याकडे एमएसला निघालेल्या मुलांच्या घरांत पर्ड्यू, इलिनॉय, मिशिगन ही नावं तोंडपाठ असतात. ती सगळी एकाच खेळसंघटनेत आहेत, हे मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असतं.

एएयूतल्यांनाच घ्यायचं, या नियमाला अपवादही होताच. नोत्र दामला एएयूत जागा मिळाली ती २०२३ मध्ये, पण बिग टेन त्याच्यामागे १९९९ मध्येच लागली होती. तेव्हा नकार आला तो नोत्र दामकडून. देशभर प्रेक्षक असलेल्या संघाचं कुळ कोण विचारतो?

२०१२ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स यांचा प्रवेश जाहीर झाला. दोन्ही एएयूतली, पण खरी ओढ वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कच्या आसपासच्या केबल जोडण्यांची. बिग टेनची स्वतःची वाहिनी २००७ पासून चालू होती. ३० जून २०२२ रोजी यूएससी आणि यूसीएलए या विद्यापीठांनी पश्चिम किनाऱ्याची पॅक-१२ ही संघटना सोडून बिग टेनचा रस्ता धरला. ऑगस्टमध्ये बिग टेनने सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा प्रक्षेपण करार केला. पुढल्या वर्षी ओरेगन आणि वॉशिंग्टन ही विद्यापीठंही गेली. चौघंही एएयूतली, त्यामुळे तो रकाना भरला होता. पण रकाना भरणं ही निवड नव्हे. ते कळलं स्टॅनफर्ड आणि बर्कली मागे राहिली तेव्हा.

पश्चिम किनाऱ्यावर विद्येच्या मानात या दोघांच्या वर कोणाला बसवणार? स्टॅनफर्डची खेळातली विजेतेपदंही ढिगाने. पण ज्या फुटबॉलवर वाहिन्या पैसे मोजतात, त्याला त्यांच्याकडे तेवढा प्रेक्षक नव्हता. बिग टेनने घेतलं नाही. अखेर १ सप्टेंबर २०२३ रोजी एसीसीने, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने, त्यांना घेतलं. प्रशांत महासागराकाठची दोन विद्यापीठं अटलांटिक किनाऱ्याच्या संघटनेत, आणि सुरुवातीची काही वर्षं प्रक्षेपणाच्या पैशातला जेमतेम तीस टक्के वाटा. फ्लोरिडा स्टेट, क्लेमसन आणि नॉर्थ कॅरोलायना यांची मतं तरीही विरोधातच पडली.

यूसीएलए आणि बर्कली एकाच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखा. एकीने घर बदलल्याने दुसरीचं नुकसान झालं, म्हणून २०२४ मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ठरवलं की यूसीएलएने बर्कलीला तीन वर्षं दरवर्षी एक कोटी डॉलर द्यायचे. लोकांनी त्याला लगेच पोटगी म्हणायला सुरुवात केली.