सुती कपडा थंडीत का दगा देतो?

शिरवण्याच्या दमट उकाड्यात आपण सुती कपडे पसंत करतो. सूत घाम शोषते. त्याची वाफ होताना अंगातील उष्णता जाते. स्कॉटलंडच्या थंड पावसात हाच गुण घातक ठरतो. ऊब असते ती धाग्यांत अडकलेल्या हवेची. कपडा भिजला की तिथे पाणी शिरते, आणि पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २४ पट आहे. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली उतरले तर जिवावर बेतू शकते. म्हणून परदेशी निघताना अंगालगत लोकरी बनियन, त्यावर स्वेटर, वरून रेनकोट असे तीन थर घ्यावेत. लोकरीचा कुरळा धागा भिजल्यावरही थोडी हवा धरून ठेवतो. वर्गात पडताळून पाहू या : गरम पाण्याच्या दोन सारख्या बाटल्यांना ओले सुती व ओले लोकरी कापड गुंडाळून दर ५ मिनिटांनी तापमान नोंदवू.